जोडीजोडीनं लावलेल्या तारा

खोटं कशाला बोलू, ती पोरगी आमच्या कंपनीत आली त्याच दिवशी माझ्या डोळ्यात खुपली. तिनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. आली, नमस्कार केला, ताई म्हणाली, बसायच्या आधी रुमालानं खुर्ची पुसली. तरी खुपली. खुर्ची पुसली म्हणूनच जास्त खुपली, कारण त्या खोलीची झाडझूड मी स्वतः करत होते.

कंपनी बियाण्यांची, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतली. पुढं ऑफिस, मागं उगवण तपासायची लॅब आणि त्याच्याही मागं गोदाम. गोदामातून पोती ट्रकात चढायची, त्या भागाला सगळे डिस्पॅच म्हणायचे. मी केदारखेड्याच्या शेतकऱ्याची लेक. भोकरदनला बारावी केली, लग्न होऊन जालन्यात आले आणि घरात जीव रमेना म्हणून तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला. त्या जोरावर सत्त्याण्णव साली इथं लागले. तेव्हा कंपनीत एकच मशीन होतं. त्याच्यावर भरतकामाचा रुमाल घातलेला होता आणि ते फक्त आल्यागेल्याला दाखवायचं. मी त्याला कामाला लावलं. मग दुसरं आलं, तिसरं आलं, बघता बघता अकरा झाली. एक दिवस मालक म्हणाले, "ताई, हे सगळे एकमेकांना जोडता येतात म्हणे. औरंगाबादहून माणूस बोलावू का?"

मी म्हटलं, "माणूस कशाला? मी हाये ना."

बोलून तर गेले. येत काहीच नव्हतं. ज्या दुकानातून मशीनं आणली त्या दुकानदाराला विचारलं. त्यानं केबलचं भेंडोळं दिलं, टोकाला बसवायच्या प्लास्टिकच्या पिना दिल्या, त्या दाबायची पक्कड दिली आणि म्हणाला, "आत आठ तारा असतात. दोन्ही टोकांना एकसारख्या लावा, बस, बराबर चालते." एवढंच माझं शिक्षण. केबल सोलली तर आत चार रंगांच्या चार जोड्या निघाल्या. नारंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक रंगाची एक तार भरीव, एक पांढऱ्या पट्ट्याची, आणि दोघी एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. मला सत्यनारायणाला बसलेली जोडपीच आठवली. मी त्यांना तशीच बसवली. नारंगीशेजारी तिची पट्ट्याची, हिरवीशेजारी तिची, निळीशेजारी तिची. कुणाची ताटातूट नाही. पक्कड दाबली, दोन्ही टोकं लावली आणि सगळ्या केबली जिथं येऊन मिळतात त्या पेटीवरचा हिरवा दिवा टिमटिमला. मालकांनी त्या दिवशी अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले. केबल करणारी बाई म्हणून मला बघायला शेजारच्या कारखान्यातले दोघं येऊन गेले. सांगते काय, पाय जमिनीवर नव्हते माझे.

त्यानंतर सहा वर्षं ते माझं राज्य होतं. अकराची सव्वीस मशीनं झाली, आणि सगळी एकाच पेटीला जोडलेली. कुणाच्याही मशीनवरून कुणाचंही दिसायचं. कुणाची फाइल हरवली, ताई. प्रिंट निघत नाही, ताई. पण माझी खरी चैन सकाळी दहा वाजता असायची. मालक दहाला चहा घ्यायचे. त्याच्या आधी मी माझ्या मशीनवरून लॅबचा कागद उघडून बघायची, म्हणजे कोणत्या लॉटचं बी किती उगवलं ते कळायचं. मग चहाच्या वेळेला सहज गेल्यासारखी जायची आणि सांगायची, "मालक, हरभऱ्याचा नवा लॉट झकास आलाय." लॅबचे सर रजिस्टर घेऊन यायच्या आत. मालक बशी खाली ठेवून म्हणायचे, "अरे वा! ताईंना सगळं ठाऊक." ते एक मिनिट माझं होतं. तेवढ्या मिनिटासाठी मी दिवसभर राबायची.

पण गाडा हळूहळू रुतायला लागला. मशीनं रेंगाळायची, सगळ्यांची आरडाओरड. डिस्पॅचची पोरं गाण्यांच्या सीड्या घालायची, त्यातून व्हायरस यायचा आणि डिस्पॅचहून निघून थेट लॅबमध्ये. एकदा तर डिस्पॅचच्या कुणीतरी लॅबचीच फाइल उघडली आणि एका लॉटचे आकडे दुसऱ्यावर चढवून ठेवले. लॅबच्या सरांचं हातानं लिहिलेलं रजिस्टर होतं म्हणून निभावलं, न्हाईतर न उगवणारं बी शेतकऱ्याच्या घरात गेलं असतं. मालक त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी ती आली.

वाटूरची. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. औरंगाबादला डिप्लोमा केलेला, जालन्यात खोली घेऊन राहायची. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. नखं कापलेली, केस घट्ट बांधलेले, खांद्याला स्वतःच्या हत्यारांची पिशवी. माझी पक्कड कंपनीची होती, तिची तिची स्वतःची. बघा, एवढ्याशा गोष्टीचासुद्धा हेवा वाटतो माणसाला.

पहिल्याच दिवशी मालकांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं, "एवढ्याशा कंपनीत कॉम्प्युटरला दोन बाया लागत न्हाईत. दिवाळीपर्यंत दोघी बघा, मंग ठरवू कोण राहील." आणि हसले. ती पण हसली. मला मात्र हसू आलं नाही. उन्हाळा संपत आला होता आणि दिवाळीला पाचेक महिने होते. माझी नोकरी गेली तर परत त्या घरात, त्या ओट्यापुढं. तिला काय, डिप्लोमा होता.

आठवडाभर ती नुसती हिंडली. कुठली केबल कुठं जाते ते वहीत लिहिलं. मग मालकांसमोर नकाशा मांडला. म्हणाली, सगळं एकाच खोलीत भरलंय, त्याची तीन घरं करायची. ऑफिसचं वेगळं, लॅबचं वेगळं, डिस्पॅचचं वेगळं. मधे एक जुनं मशीन राखणदार म्हणून ठेवायचं, तेच ठरवणार की कुणाला कुणाच्या घरात जाता येईल. मालकांच्या डोक्यावरून जात होतं ते मला दिसत होतं आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या. तेवढ्यात ती म्हणाली, "मालक, तुम्ही बियाण्याचा प्लॉट देताना शेतकऱ्याला आयसोलेशन का पाळायला लावता?"

मालक सावरून बसले. हा त्यांचा विषय. "अरे, शेजारच्या कपाशीचा पराग उडून येतो ना. अंतर न्हाई ठेवलं तर बी भेसळीचं व्हतं."

"मंग इथंही तेच. डिस्पॅचचा पराग लॅबवर उडून राह्यला. मधे अंतर टाकायचंय, बस."

मालकांनी टेबलावर थाप मारली. "बिलकुल समजलं! अगोदर का न्हाई सांगितलं कुणी मला?"

कुणी म्हणजे मी. माझ्या अंगाची लाही लाही झाली. कारण आयसोलेशन मला शिकवायला वाटूरच्या शिक्षकाची पोरगी नको होती. मी बारा वर्षांची असल्यापासून केदारखेड्याला कपाशीच्या प्लॉटात राबलेली. दुपारनंतर कळीतले नराचे केसर खुडायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या फुलाचा पराग आणून लावायचा, खूण म्हणून दोरा बांधायचा. बोटं हिरवी व्हायची. एका वर्षी शेजारच्या काकानं आमच्या प्लॉटाच्या कडेला स्वतःसाठी कपाशीची एक ओळ लावली. एकच ओळ. तपासणीला साहेब आले, ती ओळ बघितली आणि आमचा अख्खा प्लॉट रद्द करून गेले. वडील दोन दिवस जेवले नाहीत. ही गोष्ट माझी होती. शेत माझं, ओळ माझी, वडील माझे. सहा वर्षं मी त्याच मालकांपुढं बसत होते आणि मला एकदाही सुचलं नाही. आणि हिनं माझंच शेत माझ्यासमोर मालकांना दाखवून शाबासकी घेतली.

एका रविवारी तिनं सगळं बदललं. नवी पेटी आली. एकाच पेटीत तीन घरं पाडता येतात ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पहिली आठ छिद्रं ऑफिसची, पुढची आठ लॅबची, शेवटची आठ डिस्पॅचची. डिस्पॅचला पुरेनात, तर तिकडं एक छोटी पेटी वाढवून दिली. प्रत्येक छिद्राखाली तिच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. केबली दोरीनं बांधलेल्या, बाईनं वेणी घालावी तशा. सोमवारी सगळे म्हणायला लागले, मशीनं पळायला लागली. मी माझ्या मशीनवर बसले आणि सवयीनं लॅबचा कागद उघडायला गेले. उघडेना. पडद्यावर एक ओळ आली की परवानगी नाही.

मी तिच्याकडं गेले. "लॅबचं दिसत न्हाई मला."

"तुम्हाला लॅबचं काय काम पडतं, ताई?" तिनं अगदी साधं विचारलं.

काय सांगणार? काम काहीच पडत नव्हतं. दहा वाजताचं एक मिनिट पडत होतं. ते कुठल्या तोंडानं सांगू?

त्याच आठवड्यात दुसरी चपराक. माझी एक जुनी केबल काढून तिनं खिडकीशी धरली. टोकाची पिन पारदर्शक असते, आतले रंग दिसतात. "हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं. अजून अभिमान होता त्यात.

ती म्हणाली, "ताई, हिरव्याची जोडी इथं तोडावी लागते. हिरवीची पट्ट्याची तिसऱ्या जागी आणि हिरवी सहाव्या जागी. मधे निळीची जोडी बसते." तिनं समजावून सांगितलं. तिसरी आणि सहावी जागा मिळून एक वाट होते. तिथं एकाच पिळातल्या दोन तारा पाहिजेत. माझ्या रांगेत तिसरीवर हिरव्याची तार आणि सहावीवर निळीची. दोन परक्या एका वाटेवर चालतात, मग लांबच्या मशीनला जाता जाता अर्धं सांडतं. चालतं, पण रेंगाळत. म्हणजे सहा वर्षं लोकांनी जी आरडाओरड केली ती माझ्या जोडप्यांपायी! मी त्यांना शेजारीशेजारी बसवलं म्हणून.

ती हसली असती तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. पण ती म्हणाली, "शिकवायला कुणी नसल्यावर असंच व्हतं," आणि माझ्या केबली एकेक करून बदलून टाकल्या. उरलेल्या तीन-चार आखूड केबली मी माझ्या खणात लपवून ठेवल्या. का ठेवल्या, तेव्हा सांगता आलं नसतं.

पुढचे महिने जळण्यात गेले. लॅबचे सर आता तिला हाक मारायचे. दहा वाजता रजिस्टर घेऊन तेच मालकांकडं जायचे. शिपाईमामा माझ्या टेबलावर कप ठेवून म्हणायचा, "ताई, चहा थंडा होऊन राह्यला." घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "दुसरी आली, तुझं काम कमी झालं. चांगलंच झालं की." त्या दिवशी मी भाकरी मुद्दाम करपवली. तिच्याबद्दल काहीबाही बोलायला लागले. बस चुकली की म्हणायची, आज उठायला उशीर झाला वाटतं. तिनं डबा उघडला की म्हणायची, भाजीला रंग नाही गं. ती ऐकून घ्यायची. कधी कधी उलटून बोलायची पण. एकदा म्हणाली, "ताई, मिरची तुमच्याकडून घेते आता, लई हाये तुमच्याकडं." सगळे हसले. मी पण हसले आणि मनात तिला शिव्या घातल्या.

मग दसरा आला.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. कारखान्यात मशीनची, शेतात नांगराची, मालकांच्या हौसेनं आमच्याकडं कॉम्प्युटरचीही. दरवर्षी मामा सगळ्या मशीनच्या तारा काढायचा, मशीनं मोठ्या खोलीत लांब टेबलावर ओळीनं मांडायचा, पुसायचा, झेंडूची माळ, हळदीकुंकू, नारळ. त्या वर्षी मालकांनी ती नवी पेटी पण पूजेला मागितली. ती पोरगी म्हणाली, पेटी जागेवरच राहू द्या, कुंकू छिद्रात गेलं तर पेटी बिघडेल. मालक म्हणाले, "देवाला बी आयसोलेशन का?" शेवटी पेटीच्या केबली काढून, ती पुसून, डोक्यावर कागद ठेवून त्यावर कुंकू लावलं. आरती झाली, पेढे झाले. दुपारच्या गाडीनं ती वाटूरला सणाला निघाली. जाताना म्हणाली, "ताई, मामाला तारा लावू लागा. चिठ्ठ्या लावलेल्याच हायेत."

मामा मशीनं जागेवर नेत होता. मी पेटीपुढं एकटी. तिच्या चिठ्ठ्या बघून एकेक केबल लावली. सगळी बरोबर लावली, खोटं नाही. मग खणातली माझी एक आखूड केबल आणली. एक टोक ऑफिसच्या रिकाम्या छिद्रात, दुसरं टोक लॅबच्या रिकाम्या छिद्रात. केबलींच्या वेणीमागं दडवली. मग माझ्या मशीनवर जाऊन, प्रत्येक मशीनला पत्त्यासारखा नंबर असतो तसा लॅबच्या मालिकेतला आणखी एक नंबर त्याला देऊन ठेवला. एवढं मला येत होतं. राखणदार तसाच राहिला दारात बसून, आणि मी मागच्या भिंतीला भोक पाडलं. लॅबचा कागद माझ्या पडद्यावर उघडला तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं. शेजारच्या काकानं ती ओळ लावताना त्याला काय वाटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. त्याला काहीच वाटलं नसेल. एकच तर ओळ.

सण झाल्यावर पहिल्याच दिवशी दहा वाजता मी मालकांच्या खोलीत. "मालक, गव्हाचा लॉट मस्त उगवलाय." मालकांनी बशी खाली ठेवली. "अरे वा, ताई! किती दिवसांनी!" असे बारा-तेरा दिवस मी जगले. एकदा ती दारात उभी होती. माझं बोलणं तिनं ऐकलं आणि माझ्याकडं बघतच राहिली. मी नजर चुकवली नाही. उलट पदर सावरून तिच्या शेजारून निघाले.

मग एका सकाळी ऑफिसची काही आणि लॅबची चारही मशीनं आपोआप बंद-चालू व्हायला लागली. मिनिटभर चालायची की बंद. बाहेर रब्बीची घाई, फाटकात ट्रक उभे, आणि उगवणीचा दाखला निघाल्याशिवाय पोतं हलत नव्हतं. व्हायरसचा किडा माझ्याच मशीनमधून गेला होता. आदल्या दिवशी मी कुणाची तरी फ्लॉपी घातली होती. डिस्पॅच तेवढं वाचलं होतं, ते तिच्या तिसऱ्या घरात सुखरूप होतं. तिची घरं बरोबर होती. भोक माझं होतं.

दोन दिवस लॅबच्या सरांनी रजिस्टरवरून सगळं परत भरलं. तोवर ती एकेक केबल उपटून शोधत होती की हे आत आलं कुठून. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं केबलींची वेणी सोडली. मी दारातच होते. तिनं ती आखूड केबल ओढून काढली, चिठ्ठी नसलेली. टोक खिडकीशी धरलं. हिरवीशेजारी हिरवी, निळीशेजारी निळी. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. अख्ख्या जालन्यात अशी केबल करणारी एकच बाई होती.

तेवढ्यात मालक आले. तापलेले. "सापडलं का? कुणाचं काम हाये हे?"

मी मनात म्हटलं, संपलं. दिवाळीची वाट बघायची गरजच नाही.

तिनं केबल गुंडाळली आणि हत्यारांच्या पिशवीत टाकली. "दसऱ्याला तारा काढल्त्या, मालक. लावताना एक चुकीच्या घरात लागली. नंतर तपासायचं काम माझं व्हतं. राहून गेलं."

मालक तिला नको नको ते बोलले. आयसोलेशनचा एवढा पाढा वाचला आणि स्वतःच विसरली, असं. आणि शेवटी माझ्याकडं हात करून म्हणाले, "याच्यापेक्षा आमच्या ताईंचं जुनंच बरं व्हतं."

त्या वाक्याची मी महिनोन्‌महिने वाट पाहिली होती. ते मला गोड लागलं नाही असं लिहिलं तर बरं दिसेल. पण लागलं. खाली बघत होते आणि तरी गोड लागलं.

दिवाळी झाली आणि मालकांनी तिला यायचं बंद करायला सांगितलं. शेवटचे तीन दिवस तिनं मला समोर बसवून सगळं लिहून घ्यायला लावलं. कुठलं घर कुणाचं, राखणदाराला काय सांगायचं, नवं मशीन आलं तर कुठं बसवायचं. मग ती आखूड केबल काढली, माझ्यासमोर दोन्ही टोकं कापली आणि पक्कड माझ्या हातात दिली. "लावा. बराबर लावा." मी नारंगीची जोडी लावली, हिरवीची पट्ट्याची लावली आणि सवयीनं हिरवी उचलली. तिनं माझ्या बोटांवर टिचकी मारली. "निळी." तीनदा चुकले, तीनदा तिनं टोक कापायला लावलं. चौथ्यांदा बरोबर आलं.

तेव्हा मी विचारलं. "का न्हाई सांगितलं मालकांना?"

"तुमच्यासाठी न्हाई," ती फटकन म्हणाली. "तुमचा राग लई हाये मला. पण मी नाव घेतलं असतं तर मालक म्हणले असते, बायांची भांडणं. मंग दोघींनाही घरी पाठवलं असतं अन् एखादा बाप्या आणून बसवला असता इथं. आता निदान एक बाई तरी राहील या खोलीत." मग पिशवी आवरत म्हणाली, "मी पुण्याला नोकरी बघून राह्यले. व्हईल काहीतरी."

पुणं हा शब्द मी घट्ट धरून ठेवला. तिला पुण्याला मिळालेलंच असणार. मिळालेलं होतं म्हणूनच एवढा मोठेपणा दाखवता आला. तिचं गेलं काय? काहीच नाही. सात-आठ वर्षं मी स्वतःला हेच सांगत राहिले आणि झोपही लागत होती. मग मामाच्या निरोपाच्या दिवशी, हार घालून बसला होता तेव्हा, मी सहज म्हणाले की ती वाटूरची पोरगी पुण्याला मोठी झाली असेल आता.

मामा म्हणाला, "कुठलं पुणं, ताई? इथून गेल्ती ती वाटूरलाच. दीड वरीस घरी व्हती. जिथं गेली तिथं इथलं विचारायचे, अन् आपल्या मालकांनी सांगितलं की पोरगी निष्काळजी हाये. मी एकदा गेल्तो तिकडं पाहुण्यांकडं, तर बापाच्या शाळेत पोरांना फुकट शिकवून राह्यल्ती. पुढचं काय ठावं न्हाई." आणि हारातलं एक फूल गळून पडलं ते उचलून त्यानं खिशात ठेवलं.

मी आजही त्याच कंपनीत आहे. मशीनं पन्नासच्या वर गेली, पेट्या तीनदा बदलल्या, पण घरं तिनं पाडली तीच. बाहेरून तपासायला लोक येतात. एक जण तर म्हणाला की एवढ्याशा गावातल्या कंपनीत त्या काळात इतकं नीट कुणी केलं? मालक माझ्याकडं बोट दाखवतात. मी म्हणते, हो, मीच. दरवेळी म्हणते. एकदाही जीभ अडखळली नाही.

या लिखाणात मी कुणाचंच नाव घातलेलं नाही. मालकांचं नाही, मामाचं नाही, माझ्या नवऱ्याचंही नाही. कुणी विचारलं तर म्हणेन, उगाच कशाला कुणाला दुखवायचं. पण बाकीच्यांची नावं मी तिचं एकटीचं गाळलेलं दिसू नये म्हणून गाळली आहेत. तिचं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याच्या ते लक्षात राहिलं असतं.